बाळाला बघायला जाणाऱ्यांसाठी

बाळाला बघायला जाताना आपण झबलं नेतो, दुपटं नेतो, खुळखुळा नेतो. बाळ कोणाच्या वळणावर गेलंय यावर घटकाभर बोलणं होतं. निघताना बाळंतिणीला एक प्रश्न विचारला जातो, ‘दूध पुरतंय ना?’ तोही खरं तर बाळाबद्दलचाच. वार सुटून आल्यावर जिच्या गर्भाशयात तळहाताएवढी ओली जखम राहिली आहे, जिला खाली किंवा पोटावर टाके आहेत, जी सलग दोन तास झोपलेली नाही, तिची चौकशी त्या भेटीत होतच नाही. आणि बाळंतपणातला धोका बाळ बाहेर आल्यावर संपत नाही. जोराचा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, पायातल्या शिरेत होणारी गाठ यांतलं बरंचसं प्रसूतीनंतरच उद्भवतं, काही तर ती घरी आल्यावर.

डॉक्टर बेचाळीस दिवसांचा हिशेब धरतात, आपल्याकडे सव्वा महिन्याचा. दोन्ही जवळपास सारखेच आहेत, कारण गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. सव्वा महिन्याच्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट फार मोलाची होती. बाईच्या हातातलं काम काढून घेऊन ते दुसऱ्या बाईच्या हाती दिलं जाई. त्याच पद्धतीत घातक गोष्टीही होत्या. चीक पिळून टाकायचा, पाणी तोडायचं, बंद खोलीत शेगडी पेटती ठेवायची. वाईट याचं वाटतं की आज अनेक घरांत यातलं घातक ते टिकलं आहे आणि मोलाचं ते निसटलं आहे. कान बांधलेले असतात, पाणी मोजून मिळतं, आणि पंधराव्या दिवशी तीच बाई हापशावर उभी असते.

याचं एक कारण असं की पुष्कळ घरांत तिची विश्रांती सोयरावर उभी आहे. दहा दिवस तिने स्वयंपाकघरात शिवायचं नाही, म्हणून तिला काम नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं, सोयर फिटलं, की विश्रांतीही संपली. टाके, रक्तस्राव, अशक्तपणा यांचा त्या तारखेशी काही संबंध नसतो. शिवाय ते दहा दिवस तिला कोपऱ्यात एकटं ठेवण्यात जातात, म्हणजे ज्या दिवसांत कोणीतरी जवळ बसून तिच्याकडे नीट बघायला हवं, नेमके तेच.

‘आराम कर’ असं म्हणून आराम मिळत नाही. तिचं काम तेवढे तास दुसऱ्या कोणी उचललं तरच मिळतो. त्यामुळे मदत करायची असेल तर तिच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहावं. पाणी, स्वयंपाक, कपडे, मोठं मूल, गुरं, आणि रात्र. ‘काही लागलं तर सांग गं’ याचा उपयोग होत नाही, कारण ती सांगत नाही. सासरी तर नाहीच.

यादीत सगळ्यात आधी पाणी. भरलेला एक हंडा सहज बारा-पंधरा किलोंचा होतो. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले गेलेले असतात, ते सावरायच्या आत रोज असे हंडे उचलले की गर्भाशय खाली उतरू लागतं. बायका याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं लाजेने कोणाला सांगत नाहीत. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काहीही उचलायचं नाही, हा नियम सिझेरियन झालेल्या बाईला डॉक्टर सांगतात; साधी प्रसूती झालेल्या बाईलाही तो तितकाच पाळता यावा. पाच घरांनी मिळून रोज दोन-दोन हंडे टाकले तर एका घराचं पाणी सहज भागतं. झबल्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे, आणि बचत गटाच्या एका बैठकीत ठरण्यासारखं आहे.

आराम म्हणजे खाटेवर पडून राहणंही नव्हे. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. म्हणून पहिल्याच दिवसापासून खोलीतल्या खोलीत, मग अंगणात चालायला हवं. मालिश करणाऱ्या बाईलाही एक गोष्ट पक्की माहीत असायला हवी. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम आणि दुखरी लागत असेल, तर तो पाय अजिबात चोळायचा नाही. आत गाठ असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्या बाईला लगेच दवाखान्यात न्यावं. सिझेरियनच्या पोटावर सहा आठवडे मालिश नको, टाक्यांवर शेक नको. पोट बांधायचंच असेल तर सैल बांधावं. करकचून बांधलं की सगळा दाब खाली, आधीच सैलावलेल्या स्नायूंवर जातो. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवूच नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला ते कळत नाही. उबेसाठी गोधडी आणि बाळाला छातीशी उघड्या अंगाला धरणं पुरतं.

आता खाण्यापिण्याचं. पाणी प्यायलं की टाके पिकतात, पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, ही समजूत फार खोलवर बसलेली आहे. पाणी तोडलं की आधी बद्धकोष्ठ होतो. मग कुंथताना टाक्यांवर ताण येतो, ती दुखण्याच्या भीतीने शौचाला जायचं टाळते, आणि मूळव्याध सुरू होते. लघवीला जळजळ लागते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. वरून डिंकाचे आणि मेथीचे लाडू, भरपूर तूप आणि कोरडी भाकरी, म्हणजे त्रास दुप्पट. लाडू वाईट नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत दूध पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्तीचे लागतात आणि डिंकाचा एक लाडू त्यातला चांगला हिस्सा भरून काढतो. पण दिवसाला एखाद-दुसरा, आणि सोबत अडीच-तीन लिटर पाणी. सोपी युक्ती अशी की उशाशी तांब्या-भांडं ठेवायचं आणि बाळाला घेतलं की आधी स्वतः एक भांडं पाणी प्यायचं. चोवीस तासांत बाळ आठ ते बारा वेळा पितं, त्यामुळे हिशेब आपोआप जमतो.

अळिवाच्या खिरीबद्दल मात्र नीट सांगायला हवं. अळिवात लोह भरपूर आहे, पण धान्य-बियांतलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. एक चमचा अळीव भिजवून दुधात गुळाबरोबर शिजवला की खीर रुचकर होते, जरूर द्यावी. सोबत लिंबू पिळलेली भाजी किंवा आवळा दिला तर ते लोह जरा जास्त शोषलं जातं. पण खिरीने लोहाची गोळी चुकवता येत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी रोज एक, प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, तीही सहा महिने. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं. म्हणून कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर, लोह रात्री झोपताना. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, ते पाहून घाबरून बऱ्याच जणी गोळ्या बंद करतात. हे आधीच सांगितलं की बंद करत नाहीत. आणि डबा नेणार असाल तर वरण-भात, पालेभाजी, उसळ, घरात चालत असेल तर अंडी असा साधा, ताजा, पोटभर डबा न्या. तिच्या ताटात सगळ्यांचं उरलेलं येऊ नये म्हणून तिने आधी जेवावं, हे घरातल्या मोठ्या बाईने एकदा मोठ्याने सांगितलं तर पुरतं.

आदिवासी भागात राज्याने २०१५ मध्ये अमृत आहार योजना आणली. गरोदरपणात आणि प्रसूतीनंतरचे काही महिने अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम, पूर्ण जेवण. कल्पना अतिशय चांगली, कारण जेवण अंगणवाडीत बसून झालं की ते तिच्याच पोटात जातं. पण ओली बाळंतीण पहिल्या महिन्यात घराबाहेर पडत नाही. डबा घरी गेला की चार तोंडांत वाटला जातो. डबा पोचवणाऱ्या मदतनीसताईने किंवा शेजारणीने दहा मिनिटं तिथे बसून तिला जेवू घातलं तर ते अन्न ज्या कामासाठी शिजलं त्या कामी येतं.

आता धोक्याच्या खुणा. बघायला येणाऱ्या बायकांना याच माहीत असायला हव्यात, कारण बाळंतीण स्वतः म्हणते, ‘असं होतच असेल.’ अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत तपकिरी-गुलाबी, पुढे पिवळट-पांढरं होत थांबतं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. कमी झालेला स्राव पुन्हा लाल आणि जास्त होऊ लागला तर आत वारेचा तुकडा राहिला असेल किंवा संसर्ग झाला असेल. स्रावाला घाण वास आणि ताप असेल तर तेच. ‘दूध उतरतंय म्हणून ताप आलाय’ हे वाक्य बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतं. १००.४ अंशांच्या वर ताप गेला की तपासायलाच हवं. कापड वापरत असेल तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळलं पाहिजे. लाजेपायी दुसऱ्या कपड्याखाली दमट वाळवलेल्या कापडाने संसर्ग होतो. अंगणात एक दोरी तिच्या कापडांसाठी बांधून देणं ही छोटी मदत नाही.

सगळ्यात जास्त निसटतो तो रक्तदाब. प्रसूतीनंतर तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर जातो, आणि साधी प्रसूती झालेली बाई ४८ तासांनी घरी आलेली असते. गरोदरपणात रक्तदाब कधीच वाढला नव्हता अशा बाईलाही प्रसूतीनंतर झटके येऊ शकतात. आधी डोकं जोरात दुखतं, डोळ्यांपुढे अंधुक किंवा चमकल्यासारखं दिसतं, बरगडीखाली दुखतं. आपल्याकडे डोकं दुखलं की वारं लागलं म्हणतात आणि फडकं आणखी घट्ट बांधतात. तेव्हाच कोणीतरी यंत्र आणून रक्तदाब मोजायला हवा. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० असेल तर त्याच घटकेला. आशाताईच्या पिशवीत बाळाचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ असतं, रक्तदाबाचं यंत्र सहसा नसतं. हाताला पट्टा लावायचं साधं इलेक्ट्रॉनिक यंत्र बचत गटाने विकत घेऊन वस्तीवर ठेवलं आणि आरोग्यसेविकेकडून दोघी-तिघींनी ते लावायला शिकून घेतलं, तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशीची मोजणी गावातच होईल.

आशाताईंच्या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायची पद्धत ३९ गावांत बसवली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते, आणि २०११ पासून ती पद्धत देशभर आशांमार्फत आली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. पण त्याच गडचिरोलीतून २००४ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. ७७२ आयांची घरोघरी जाऊन नोंद ठेवली होती. प्रसूतीनंतरच्या काळात शंभरातल्या त्रेचाळीस जणींना काही ना काही आजार झाला होता, आणि सर्वांत जास्त तक्रारी स्तनांच्या होत्या.

त्या तक्रारी बहुतेक टाळता येतात, म्हणून थोडं सविस्तर. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन भरून दगडासारखे होतात. पाजायच्या आधी कोमट पाण्याच्या कपड्याने शेकावं, हाताने थोडं दूध काढून काळा भाग मऊ करावा, मग बाळाला लावावं. पाजून झाल्यावर गार ओला कपडा ठेवावा. बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात धरलं की भेगा पडतात. तोंड मोठं उघडलं की काळ्या भागाचा बराचसा हिस्सा आत जाईल असं, हनुवटी स्तनाला टेकवून लावायचं. भेग पडली तर शेवटचं दाटसर दूध तिथे लावून वाळू द्यावं. एका बाजूला लाल, गरम, दुखरा पट्टा आणि ताप आला तर औषध लागतं, पण त्या बाजूचं पाजणं बंद करू नये. बंद केलं की दूध साचतं आणि गळू होतं. घरच्या मोठ्या बायका नेमकं इथेच ‘आजारी दूध आहे’ म्हणून बाळाला तोडतात.

आशाताईच्या अर्जात आईसाठी काही चांगले प्रश्न आहेत: चोवीस तासांत किती वेळा पोटभर जेवली, दिवसात किती पॅड बदलले, ती वेड्यासारखं बोलते का. सहाही भेटी मिळून आशाताईला २५० रुपये मिळतात. यात घाई होते याचा दोष तिला देता येत नाही. अडचण आणखी एक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि नोंद सासरच्या गावात असते. दोन आशांच्या मधे बाई कोणाच्याच यादीत राहत नाही. त्यामुळे माहेरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात माता व बाल संरक्षण कार्ड आणि त्यावरचा आरसीएच क्रमांक (सरकारी नोंदणीचा) घेऊन माहेरच्या आशाताईला भेटायचं, हे काम भावाचं किंवा वडिलांचं ठरवून टाकावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर माहेरही नाही आणि सासरही नाही. बीड, अहिल्यानगर, जालन्यातून मुकादमाकडून कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत फडात राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बाई बाळंत झाली की निम्मा कोयता बंद पडतो आणि उचल फिटत नाही. मग काही दिवसांतच ती मोळ्या उचलायला उभी राहते. इथे डिंकाचे लाडू सांगण्यात अर्थ नाही. ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरली आहे तिथल्या आशाताई आणि आरोग्यसेविकेने कोप्यांवर येऊन गरोदर आणि ओल्या बाळंतिणींची नावं लिहून घ्यायला हवीत, आणि मुकादमाने तिचा खाडा धरू नये यासाठी कारखान्याने आणि गावच्या सरपंचाने बोलायला हवं. ती परगावची असली तरी १०८, दवाखान्यातली मोफत तपासणी, गोळ्या, सगळ्यावर तिचा हक्क आहे.

रात्रीबद्दल आणि मनाबद्दल एकत्रच बोलायला हवं, कारण झोप गेली की मन जातं. तिला रात्री सलग चार तास झोप मिळायला हवी. बाळाला पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, मांडीवर घेऊन फिरणं ही कामं नवरा करू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, ‘मला जमत नाही, बाळाला माझ्यापेक्षा दुसरं कोणी बरं’ असं म्हणत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ टक्के आयांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होतं, आणि सहा महिन्यांनंतरही त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. मुलगी झाली म्हणून बघायला येणारे लोक कमी आले, हे बाळंतिणीला बरोबर कळतं.

त्याच गोव्यात ‘संगत’ या संस्थेने आयांच्या नैराश्यासाठी पाकिस्तानात तयार झालेली एक पद्धत घेतली आणि गावातल्याच, स्वतः आई असलेल्या बायकांना ‘सखी’ म्हणून शिकवलं. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या घरी जात. आईची स्वतःची तब्येत, बाळाशी नातं आणि घरातल्या माणसांशी नातं, या तीनच गोष्टींबद्दल बोलत. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं की सखी मिळालेल्या आयांपैकी जास्त जणी सहा महिन्यांनी बऱ्या होत्या. शेजारीण सखी होण्यासाठी मानसोपचार शिकावा लागत नाही. आठवड्यातून एकदा, घरच्या पुरुषांना बाहेर बसवून, अर्धा तास बसायचं. विचारायचं ते असं: काल किती वेळ झोपलीस? काय जेवलीस? कोणाशी बोलावंसं वाटतं का? जीव नकोसा होतो का? शेवटचा प्रश्न विचारल्याने तसे विचार येत नाहीत, उलट बोलायची वाट मिळते. होकार आला तर तिला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना विश्वासात घ्यायचं आणि १४४१६ या टेलीमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन लावायचा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ती भलतंसलतं बरळत असेल, झोपेशिवायही अंगात प्रचंड उत्साह असेल, बाळाबद्दल विचित्र संशय बोलत असेल तर मात्र बाहेरचं झालं म्हणून देवऋष्याकडे नेऊ नये. हा आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उठतो, त्यावर औषधं लागू पडतात, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

बेचाळिसाव्या दिवसाची तपासणी बहुतेक जणी बाळाच्या लसीच्या दिवसाशी जोडून घेतात, ते सोयीचं आहे, कारण सहा आठवड्यांची लस तेव्हाच असते. पण तिथे बाळाला टोचून झालं की सगळे परत फिरतात. सोबत जाणाऱ्या बाईने आईचंही करून घ्यावं: रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, पोट, आणि पाळणा लांबवायचं साधन, जे तिला हवं ते, तिला एकटीला विचारून. खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर तेही तिथे सांगावं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लघवी रोखल्यासारखे पाच सेकंद आवळून सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा, हा व्यायाम तीन महिने नेटाने केला तर बऱ्याच जणींना फरक पडतो.